मूल चुकलें तर राज्य काय करितें?

(मंडळ्यांतील अभ्यासवर्गांसाठीं पाठ)

आपल्या आजापणजांच्या काळीं सरकारदरबारीं अर्ज करावयाचा झाल्यास त्याचा आरंभ "मायबाप सरकार" या शब्दांनीं होत असे. तो मायना आतां कागदावरून गेला. पण खेड्यापाड्यांतील पुष्कळ माणसांच्या मनांतून तो गेला आहे असें म्हणवत नाहीं. तालुक्याहून कागद आला किंवा फौजदार गांवांत आला, म्हणजे निरपराधी मनुष्यही हात जोडून उभा राहतो, आणि आपला हक्क काय आहे हें विचारण्याचें त्यास धैर्य होत नाहीं.

वास्तविक पाहतां लोकशाहींत सरकार हें प्रौढ नागरिकाचें मायबाप नव्हे. तो त्यानेंच नेमलेला व त्यालाच हिशेब देणारा कारभारी होय. परंतु एक प्रसंग असा आहे कीं, त्या वेळीं कायद्यानें राज्यावर खरोखरच मायबापाचें काम सोपविलें आहे. अठरा वर्षांच्या आंतील मुलाच्या हातून अपराध घडला, म्हणजे त्यास शासन करण्यापेक्षां सुधारण्याचा भार राज्यानें आपल्या शिरावर घेतला आहे. हा भार राज्य कसा उचलतें, आणि त्यानें कसूर केल्यास जाब कोणीं व कोठें विचारावा, हें या पाठांत पाहावयाचें आहे. वर्ग चालविणाऱ्या प्रचारकांनीं हा पाठ दोन बैठकींत घ्यावा, व शेवटच्या प्रश्नांवर सर्वांस बोलूं द्यावें.

१. मालक कोण व कारभारी कोण

आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आली. तिनें जी राज्यपद्धति घालून दिली तिला संसदीय लोकशाही म्हणतात. अठरा वर्षें पुरीं झालेल्या नागरिकांच्या मतांनीं लोकसभेचे ५४३ सभासद निवडले जातात. ज्या पक्षास किंवा पक्षांच्या जुटीस त्या सभेंत बहुमताचा पाठिंबा असतो, त्यांचें मंत्रिमंडळ होतें. हें मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिक रीतीनें जबाबदार आहे, असें घटनेच्या ७५ व्या कलमांत सांगितलें आहे. सभेचा विश्वास उडाला कीं मंत्र्यांस पायउतार व्हावें लागतें. १७ एप्रिल १९९९ रोजीं अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळानें लोकसभेपुढें विश्वासाचा ठराव मांडला. त्याच्या बाजूनें २६९ व विरुद्ध २७० मतें पडलीं. एका मतानें देशाचें सरकार गेलें, आणि पुढें नवी निवडणूक झाली. एका मताची किंमत काय, असें विचारणाऱ्यास हें उदाहरण सांगावें.

हीच रचना राज्यांतही आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेंत २८८ आमदार असून राज्याचें मंत्रिमंडळ त्या सभेस जबाबदार आहे. पोलीस खातें हा घटनेप्रमाणें राज्याचा विषय आहे. म्हणून आपल्या भागांतील ठाण्यांत कांहीं अयोग्य घडल्यास त्याविषयीं विधानसभेंत प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्या आमदारास आहे, व त्यास तसें सांगण्याचा अधिकार आपणांस आहे.

तिसरें अंग न्यायालयांचें. कायदा करणारे निराळे, त्याचा अंमल करणारे निराळे, आणि निवाडा करणारे निराळे, अशी वांटणी मुद्दाम केलेली आहे. पोलिसास पकडतां येतें, पण शिक्षा देतां येत नाहीं. आमदारास कायदा करतां येतो, पण एकाद्या मनुष्यास दोषी ठरवितां येत नाहीं. ठाण्यांत कोणी मारलें, किंवा गांवानें चावडीसमोर खांबास बांधून मारलें, तर ती शिक्षा नसून तो स्वतंत्र अपराध होय.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. मताची वयोमर्यादा पूर्वीं एकवीस वर्षें होती. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीनें ती १९८९ पासून अठरा झाली. अठराच्या आंतील मुलास मत नाहीं, आणि ज्यास मत नाहीं त्याच्या नाराजीची भीति कोणत्याही उमेदवारास वाटत नाहीं. म्हणून मुलांचा कैवार, ज्यांस मत आहे त्यांनींच घेतला पाहिजे.

२. घटनेनें दिलेले हक्क

मुलाविषयीं बोलण्यापूर्वीं, पकडल्या गेलेल्या कोणत्याही मनुष्यास कोणते हक्क आहेत तें पाहूं. यांतील पहिले चार हक्क श्रीमंतास व गरिबास, नागरिकास व परदेशीयासही सारखेच आहेत.

कायद्यापुढें सर्व समान आहेत (कलम १४).

ज्याच्यावर आरोप आहे त्यास स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करतां येत नाहीं (कलम २०).

कायद्यानें ठरविलेल्या रीतीवांचून कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेतां येत नाहीं (कलम २१).

अटक केलेल्या मनुष्यास अटकेचें कारण सांगितलें पाहिजे, त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत न्यायाधीशापुढें उभें केलें पाहिजे (कलम २२).

याशिवाय, गरिबास विनामूल्य कायदेशीर साहाय्य देणें हें राज्याचें धोरण असावें असें कलम ३९-अ सांगतें. आणि स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं राज्यानें विशेष तरतूद करावी, तिला कोणी पक्षपात म्हणूं नये, असें कलम १५ मध्यें आहे.

हे हक्क कागदावर राहिले तर काय करावें? याचें उत्तर कलम ३२ मध्यें आहे. मूलभूत हक्क मोडला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयांत जातां येतें. शीला बारसे या पत्रकर्त्या बाईंनीं हा मार्ग चोखाळून दाखविला. मुंबईच्या पोलीस कोठडींत स्त्रियांस मारहाण होते, असें त्यांनीं एका पत्रानें सर्वोच्च न्यायालयास कळविलें. न्यायालयानें तें पत्रच अर्ज म्हणून स्वीकारलें, आणि १९८३ सालीं आज्ञा केली कीं, स्त्रियांसाठीं निराळी कोठडी असावी व तिच्यावर स्त्री-शिपायांचा पहारा असावा. त्यानंतर देशांतील तुरुंगांत लहान मुलें कोंडलेलीं आहेत, ही गोष्ट त्यांनीं त्याच न्यायालयापुढें मांडली. मुलांस तुरुंगांत ठेवूं नये, व त्यांच्यावरील खटले लांबवूं नयेत, असें न्यायालयानें १९८६ सालीं बजाविलें. या बाईंच्या हातीं अधिकाराची कोणतीही जागा नव्हती. त्यांनीं स्वतः पाहिलें, लिहून ठेविलें, आणि योग्य दारीं जाऊन सांगितलें.

३. मुलांसाठीं निराळा कायदा कां

सात वर्षांच्या आंतील मुलाचें कोणतेंही कृत्य अपराध ठरत नाहीं. सात ते बारा वर्षांच्या मुलास आपल्या कृत्याचें स्वरूप व परिणाम कळण्याइतकी समज आलेली नसेल, तर त्याचें कृत्यही अपराध नव्हे. हा नियम जुन्या दंडसंहितेंत होता, व १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही तो कायम आहे.

बारा ते अठरा हें वय मोठें नाजूक आहे. त्या वयांत अंगांत बळ येतें, पण विवेक मागून येतो. सोबत्यांच्या शब्दाचा पगडा बापाच्या शब्दापेक्षां अधिक बसतो. जो चटकन् बिघडतो तो चटकन् सुधारण्याजोगाही असतो. परंतु त्यास मुरलेल्या कैद्यांत नेऊन ठेविलें तर तो तेथें चोरीची विद्या पुरी शिकून बाहेर येतो. हा अनुभव पुष्कळ देशांस आला, म्हणून मुलांसाठीं निराळें न्यायासन असावें हा विचार रुजला. मुंबई इलाख्यांत मुलांचा कायदा १९२४ सालीं झाला. पुढें १९८६ सालीं संसदेनें बाल न्याय कायदा केला. त्यांत मुलाची मर्यादा सोळा वर्षें व मुलीची अठरा वर्षें होती. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारास भारतानें १९९२ सालीं मान्यता दिल्यावर, २००० सालच्या कायद्यानें ती दोघांसही अठरा वर्षें झाली. सध्यां चालू असलेला कायदा २०१५ सालचा आहे.

या कायद्यानें दोन प्रकारचीं मुलें निरनिराळीं मानिलीं आहेत. ज्यास आधार नाहीं, ज्यास भीक मागावयास लाविलें आहे, ज्याचा छळ होतो, किंवा ज्याचें बालपणींच लग्न लाविलें जाण्याचा धोका आहे, त्यास संरक्षणाची गरज आहे. त्याचा विचार बालकल्याण समिति करिते. ज्याच्यावर अपराधाचा आरोप आहे त्यास विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. त्याचा विचार बाल न्याय मंडळ करितें. "बालगुन्हेगार" हा शब्द कायद्यानें मुद्दाम वापरलेला नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

४. संसदेनें हा कायदा कसा बदलला

कायदा लोकांच्या क्षोभांतूनही होतो, व विचारांतूनही होतो. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्रीं दिल्लींत एका तरुणीवर चालत्या बसमध्यें अत्याचार झाला, आणि पुढें ती मरण पावली. आरोपींपैकीं एक जण अठरा वर्षांच्या आंतील होता. त्यास त्या वेळच्या कायद्याप्रमाणें तीन वर्षें विशेषगृहांत ठेवण्याचीच आज्ञा होऊं शकत होती. देशभर लोक संतापले, आणि वयाची मर्यादा खालीं आणावी अशी मागणी झाली.

न्यायमूर्ति जे. एस. वर्मा यांच्या समितीनें जानेवारी २०१३ मध्यें, मर्यादा खालीं आणूं नये असें मत दिलें. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानेंही ती बदलण्यास नकार दिला. पुढें सरकारनें नवें विधेयक आणिलें. लोकसभेनें तें ७ मे २०१५ रोजीं मंजूर केलें. त्या वर्षीच्या डिसेंबरांत तो आरोपी मुदत संपून सुटला. लोक पुनः रस्त्यावर आले. आणि २२ डिसेंबरला राज्यसभेनेंही विधेयक मंजूर केलें. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर १५ जानेवारी २०१६ पासून कायदा लागू झाला.

मर्यादा अठराच राहिली, पण एक वाट उघडली. ज्या अपराधास कमींत कमी सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, तसा अतिगंभीर अपराध सोळा ते अठरा वर्षांच्या मुलानें केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्या मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण, आणि घटनेची परिस्थिति यांचा प्राथमिक विचार करितें. त्यानंतर तें प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवितां येतें, व तेथें त्यास प्रौढाप्रमाणें चालवितां येतें. तरीही एकवीस वर्षें पुरीं होईपर्यंत त्या मुलास तुरुंगांत धाडतां येत नाहीं. आणि फांशी, किंवा सुटकेची आशा नसलेली जन्मठेप, कोणत्याही मुलास देतां येत नाहीं. ही वाट उघडणें योग्य झालें कीं नाहीं याविषयीं विचारी माणसांत आजही मतभेद आहे. ज्या कुटुंबाची मुलगी गेली त्याच्या दुःखाची बाजू एकीकडे. आणि सोळा वर्षांच्या मुलाचें अंतःकरण कोणी व कशानें मोजावें हा प्रश्न दुसरीकडे. वर्गांत या दोन्ही बाजू शांतपणें ऐकाव्या.

५. पकडल्यापासून निकालापर्यंत

समजा, एका गांवांतील पंधरा वर्षांच्या मुलावर शेतांतल्या विहिरीवरील विजेचा पंप चोरल्याचा आरोप आला. आतां क्रमानें काय व्हावयास पाहिजे?

पहिली पायरी ठाण्याची. प्रत्येक ठाण्यांत एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. मूल त्याच्या ताब्यांत द्यावें लागतें. त्यास कोठडींत किंवा तुरुंगांत कोणत्याही कारणानें ठेवतां येत नाहीं. आईबापांस ताबडतोब कळविलें पाहिजे. असा किरकोळ अपराध असेल व त्यांत मोठीं माणसें सामील नसतील, तर पहिली खबर न नोंदवितां केवळ ठाण्याच्या दैनंदिनींत नोंद करावी, असें केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आहे. मुलास बेड्या घालूं नयेत, व त्याजकडून कबुलीवर सही घेऊं नये, असेंही त्यांत सांगितलें आहे.

दुसरी पायरी मंडळाची. चोवीस तासांच्या आंत मुलास बाल न्याय मंडळापुढें नेलें पाहिजे. या मंडळांत एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांत एक तरी स्त्री असलीच पाहिजे.

तिसरी पायरी जामिनाची. प्रौढांच्या बाबतींत कांहीं अपराध जामीनपात्र नसतात. मुलाच्या बाबतींत हा भेद पाहावयाचा नाहीं. सोडणें हाच नियम आहे. सुटल्यास तो सराईत गुन्हेगारांच्या संगतींत पडेल, किंवा त्याच्या जिवास वा नीतीस धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असें सकारण दिसलें तरच मंडळ त्यास निरीक्षणगृहांत ठेवितें.

चौथी पायरी चौकशीची. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरीं व गांवीं जाऊन त्याची परिस्थिति समजून घेतो आणि दोन आठवड्यांत अहवाल देतो. मुलगा शाळेंत कां जात नाहीं, बाप दारू पितो काय, घरांत अन्न आहे काय, या गोष्टी तो लिहितो. गांवांतील भल्या माणसानें या अधिकाऱ्यास खरी माहिती देणें, हें त्या मुलावर मोठेंच उपकाराचें काम होय. चौकशी चार महिन्यांत संपावी. फार तर आणखी दोन महिने मिळतात. किरकोळ अपराधाची चौकशी तेवढ्या मुदतींतही पुरी न झाल्यास ती बंद होते.

पांचवी पायरी आज्ञेची. दोष सिद्ध झाल्यास मंडळ मुलास समज देऊन घरीं पाठवूं शकतें; समाजसेवेचें काम लावूं शकतें; आईबापांस दंड भरावयास सांगूं शकतें; आईबाप किंवा दुसरी योग्य व्यक्ति यांच्या देखरेखीखालीं चांगल्या वर्तनाच्या अटीवर सोडूं शकतें; किंवा फार तर तीन वर्षें विशेषगृहांत ठेवूं शकतें. घरापासून दूर ठेवणें हा शेवटचा उपाय समजावा, असें कायद्याचेंच तत्त्व आहे.

यानंतर तो डाग त्याच्या माथीं राहत नाहीं. ज्यास प्रौढाप्रमाणें चालविलें असा सोळा वर्षांवरील मुलगा सोडून, इतर मुलांस या दोषामुळें पुढें कोणतीही अपात्रता येत नाहीं. मुलाचें नांव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतात. पकडलेल्या मुलाचें चित्र मोबाइलवर गांवभर पाठविणाऱ्यांनीं हें नीट ऐकून ठेवावें.

६. वयाचा दाखला

वरील सर्व संरक्षण एका गोष्टीवर अवलंबून आहे. ती म्हणजे वय. मूल अठराच्या आंतील आहे हेंच सिद्ध झालें नाहीं तर सारा कायदा त्यास निरुपयोगी होतो. वयाचा वाद उत्पन्न झाल्यास कायद्यानें पुराव्याचा क्रम घालून दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालांत परीक्षेचें प्रमाणपत्र. तें नसेल तर नगरपालिका अथवा ग्रामपंचायत यांचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. या यादींत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचें नांव नाहीं. म्हणून मंडळीच्या वहींत नांव लिहिलें म्हणजे काम झालें असें कोणीं समजूं नये. मूल जन्मल्यापासून एकवीस दिवसांच्या आंत सरकारी नोंद करावी, व शाळेंत तीच तारीख सांगावी. शाळेंत घालतांना अंदाजानें वय सांगण्याची चाल टाकून द्यावी.

ही गोष्ट किती मोलाची आहे, हें पुण्याच्या एका खटल्यावरून दिसतें. १९९४ सालीं तेथें एका घरांतील सात माणसांचा खून झाला. त्यांत राजस्थानांतील एकास फांशीची शिक्षा झाली. पुष्कळ वर्षांनीं त्याच्या गांवच्या शाळेची नोंदवही पुढें आली. ती पाहून सर्वोच्च न्यायालयानें २७ मार्च २०२३ रोजीं निर्णय दिला कीं, घटनेच्या वेळीं त्याचें वय केवळ बारा वर्षें सहा महिने होतें, आणि त्यास तत्काळ सोडावें. तोंवर त्यानें तुरुंगांत अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ काढिला होता. अल्पवयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयांत, केव्हांही, शेवटचा निकाल लागल्यानंतरही मांडतां येतो, असा कायदा आहे. त्याच्या बळावर तो सुटला. शाळेच्या वहींतील एका ओळीनें त्याचा जीव वांचविला, पण ती ओळ वेळेवर कोणीं दाखविली नाहीं म्हणून त्याचें तारुण्य गेलें.

७. ज्याचें नुकसान झालें त्याचें काय

ज्याच्या विहिरीवरचा पंप गेला, तो शेतकरीही गरीबच असतो. त्याचें पीक वाळतें. त्यास "मूल आहे, जाऊं द्या" एवढेंच सांगणें हा न्याय नव्हे. तक्रार करण्याचा त्यास पूर्ण हक्क आहे. गेलेली वस्तु परत मिळावी, आणि मुलानें आपल्या हातून काय झालें हें ओळखावें, यांतच दोघांचेंही हित आहे. मात्र त्या शेतकऱ्यानें व शेजाऱ्यांनीं मुलास झोडपलें, तर फिर्यादी तोच आरोपी होऊन बसतो.

प्रसंग येईल तेव्हां आपण काय करावें? मुलगा पकडला गेल्याचें ऐकतांच एकानें आईबापांसह ठाण्यांत जावें. बरोबर शाळेचा दाखला न्यावा. बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, असें नम्रपणें विचारावें. पैसे देऊन सोडवून आणण्याच्या भरीस पडूं नये. तालुका विधि सेवा समितीकडून मुलास वकील फुकट मिळतो. मुलांसाठीं तेथें उत्पन्नाची अट नाहीं. कायदेशीर साहाय्यासाठीं १५१०० व संकटांतील मुलांसाठीं १०९८ हे दूरध्वनीचे क्रमांक आहेत. चोवीस तास उलटले, मूल कोठडींत ठेविलें, किंवा मारहाण झाली, तर दिनांक, वेळ व हजर असलेल्यांचीं नांवें लिहून मंडळापुढें सांगावीं. आणि मुलगा घरीं परतल्यावर त्यास कामावर, शाळेंत व पंगतींत पूर्वींसारखें घ्यावें. कारण कायद्यानें पुसलेला डाग गांवानें पुनः लावला, तर त्या मुलास जाण्यास जागा उरत नाहीं.

विचारार्थ प्रश्न

१. पोलीस, आमदार व न्यायाधीश यांचीं कामें निरनिराळीं कां ठेविलीं आहेत?

२. पकडलेल्या मुलास किती वेळांत व कोणापुढें नेलें पाहिजे? त्यास कोठें ठेवतां येत नाहीं?

३. आपल्या मंडळींतील किती मुलांची जन्मनोंद सरकारदप्तरीं झाली आहे? न झालेल्यांची यादी कोण करील?

४. सोळा वर्षांच्या मुलास अतिगंभीर अपराधासाठीं प्रौढाप्रमाणें चालवावें काय? दोन्ही बाजूंचीं कारणें सांगा.

५. आपल्या गांवांतील एकादा मुलगा सुटून परत आला, तर त्यास काम देण्यास कोण तयार आहे?